चौदांतलं एक सर्टिफिकेट

तापाला तीन दिवस, जुलाबाला दोन, काविळीला एकवीस, टायफॉइडला दोन आठवडे आणि समोरचा फारच गळ्यात पडला तर तीन. हे कोष्टक मला मेडिकल कॉलेजात कुणी शिकवलं नाही. दवाखाना टाकल्यावर पहिल्या दोन वर्षांत पेशंटांनीच शिकवलं. किती दिवसांची रजा हवी ते ते घरून ठरवून यायचे आणि त्या मापाचा आजार मी काढून द्यायचो. कापड दुकानात मापाचा शर्ट काढून देतात, तसा.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं आहे. नाव लिहीत नाही. दारव्हा-नेरकडचे लोक ओळखतील, बाकीच्यांना त्याची गरज नाही. या अंकाच्या संपादकांनी मला फॅमिली डॉक्टरच्या आयुष्यातले गमतीचे अनुभव मागितले होते. गमती आहेत, त्या सांगतोही. पण त्यांच्या मागं एक गोष्ट आहे. ती सात वर्षं मी कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डॉक्टर दिवसभर छातीला नळी लावून बसतो. खरं म्हणजे माझ्या टेबलासमोर येणाऱ्या दर चार माणसांतला एक तरी कागदासाठी येतो. नोकरदाराला दोन कागद लागतात. आजारी आहे असं सांगणारा एक, आणि आता कामावर जायला बरा आहे असं सांगणारा दुसरा. पुष्कळदा मी दोन्ही एकाच बैठकीत लिहिलेत. तारीख तेवढी वेगळी.

गजानन माझा कंपाउंडर. वयानं माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळं माझा मुलाहिजा ठेवत नाही. एका शाळेचे पी.टी.चे सर टायफॉइडचं सर्टिफिकेट घेऊन पंधरा दिवस गोव्याला जाऊन आले आणि फिटनेस घ्यायला समोर उभे राहिले. उन्हानं चेहरा करपून काळा पडलेला. गजानन त्यांच्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "सर, टायफॉइडनं माणूस पिवया पडते. काया नाही पडत." सर हसले, मीही हसलो आणि सही केली.

सुमनबाई नावाच्या एक बाई होत्या. त्यांना नोकरी नव्हती, रजाही नको होती. त्यांना सर्टिफिकेट हवं होतं ते वणीच्या बहिणीला फोनवर पाठवायला. बहिणीची वास्तुशांत होती, दोघींचं आतून बिनसलेलं होतं, आणि गुडघ्यामुळं येता आलं नाही हे डॉक्टरच्या सहीनिशी कळवायचं होतं. "मोठ्या अक्षरात लिहा जी," त्या म्हणाल्या, "तिले चष्मा लागला हाये अन लावत नाही." मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

या कागदांचा मी कधी एक रुपया घेतला नाही. माझा सगळा प्रामाणिकपणा मी त्या एकाच खुंटीला टांगून ठेवला होता. पैसे घेत नाही म्हणजे खोटं बोलत नाही, अशी माझी समजूत होती. वडील तहसीलमध्ये अव्वल कारकून होते. सही करण्याआधी प्रत्येक कागद दोनदा वाचायचे, घरी आलेला पोस्टातला कागदसुद्धा. ताटातलं अन्न निवायचं आणि आई चिडायची. मला ते वेळ घालवणं वाटायचं.

आता कंबरेचं सांगतो.

निवडणूक जाहीर झाली की आमच्याकडं कंबरदुखीची साथ येते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: मतदान केंद्रावर जी माणसं बसलेली दिसतात ती शिक्षक, लिपिक, ग्रामसेवक अशीच असतात. त्यांना हुकूम येतो. आधी प्रशिक्षण, मग आदल्या दिवशी यंत्रं ताब्यात घेऊन दिलेल्या गावी जायचं, तिथंच मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी सकाळपासून मतदान, नंतर सगळे कागद जुळवून सामान जमा करायचं. आमच्याकडचा उन्हाळा माहीत असलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. सुटका हवी तर अर्ज आणि सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट.

त्यासाठी कंबरेसारखा अवयव नाही. ताप मोजता येतो, कावीळ डोळ्यांत दिसते. कंबर दुखत नाही हे मात्र कुणालाच सिद्ध करता येत नाही. 'तीव्र कंबरदुखी, प्रवास व दीर्घकाळ बसणे वर्ज्य, दहा दिवस सक्त विश्रांती.' हा मजकूर माझ्या हाताला इतका बसला होता की लिहिताना मी समोरच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारू शकायचो. त्या वर्षी आठवडाभरात अशी तेरा गेली.

चौदावं तबस्सुमचं. हे तिचं खरं नाव नाही.

ती जवळच्या गावात शाळेवर शिक्षिका होती, आजही आहे. नवरा अनिस, त्याचं स्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान. अनिसच्या वडलांपासून हे घर माझं. सासूची शुगर, अनिसचा दमा, सगळं माझ्याकडं. तबस्सुमला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात गर्भ पडला. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा मीच तिला यवतमाळला एका बाई डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं, पिशवीचं तोंड कमजोर आहे, तीन महिने पुरे झाले की टाका घालू. तोवर आराम करायचा, धक्क्याचा प्रवास करायचा नाही. टाक्याला दहा-बारा दिवस राहिले असताना निवडणुकीचा हुकूम आला.

ती हुकूम घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, यात काय, दिवस आहेत म्हणून लिहून देतो, लगेच नाव कमी करतील. गरोदर बाईला या कामातून सोडतात हे मला पक्कं माहीत होतं. ती मान हलवत राहिली.

"नको, डॉक्टरसाहेब. शाळेत कयते मंग. मागच्या दोन्ही टायमाले मी सगळ्यायले पेढे वाटले. अन मंग पुन्हा एकेकाले सांगत बसले." वर म्हणाली, "टाका होऊ द्या. मंग गावभर सांगीन."

सासूचंही तेच म्हणणं होतं. चौथा महिना सरल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही.

मला तिचं मन कळत होतं. पण उपाय होता. खरं कारण लिहून, पाकीट चिकटवून मी स्वतः तहसीलमध्ये नेऊन देऊ शकलो असतो. तिथले निवडणुकीचं बघणारे नायब तहसीलदार माझ्या ओळखीचे. दवाखान्यापासून चालत सात मिनिटं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. पण बाहेर पेशंट बसले होते आणि पॅड उघडंच होतं. मी कंबर लिहिली. ती आभार मानून गेली.

चार दिवसांनी त्या नायब तहसीलदारांचा फोन आला. त्यांना मी इथं वानखडे काका म्हणतो. वडलांच्या हाताखाली ते कारकून म्हणून लागले होते. मी शाळकरी असताना त्यांच्या सायकलवर पुढं बसून फिरलोय. "येऊन जा जरा," एवढंच म्हणाले.

गेलो. त्यांनी खोलीतल्या माणसाला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि टाचणी लावलेला एक गठ्ठा माझ्यापुढं सरकवला.

"मोज."

मी मोजले नाहीत. मला माहीत होतं काय आहे ते.

"चौदा हायेत," ते म्हणाले. "चौदाच्या चौदा कंबरा. एकच मजकूर, एकच पेन. बाप्पा, एखाद्याची मान तरी दुखू द्यायची."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसत नव्हते.

"हे पाह्य, मले वरून विचारणा आली. मी सगळे अर्ज फेटाळून राह्यलो. पण तू भाऊसाहेबांचा पोरगा म्हणून तुले बोलावलं. याच्यात खरं दुखणं असलेलं कोणी असंन ना? एक असंन, दोन असंन. त्याच्यावर बोट ठेव. तेवढी नावं मी कमी करतो. बाकीचं तुह्यामाह्यात राहीन."

गठ्ठ्यात तिचा कागद वरून चौथा होता. नावाची कड दिसत होती. माझा हात टेबलावर होता, कागदापासून वीतभर अंतरावर.

एकावर बोट ठेवलं की तेरा खोटे आहेत असं मी कबूल करणार. कुणापुढं, तर ज्यांनी माझ्या वडलांना दोनदा कागद वाचताना पाहिलंय त्यांच्यापुढं. काका कुणाला सांगणार नव्हते, हेही मला ठाऊक होतं. माझं नुकसान काहीच होणार नव्हतं. फक्त त्यांच्या डोळ्यांत मी जरा लहान झालो असतो.

मी म्हणालो, "काका, सगळे खरे आहेत."

काकांनी गठ्ठा आपल्याकडं ओढून घेतला.

"असं म्हणतं का. बरं. मंग सगळ्यायले सारखाच न्याय."

चहा आला, मी तो प्यायलो. कागदावर शेरा पडला: जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळापुढं तपासणीस हजर व्हावं, नाहीतर आदेश कायम. काकांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी वडील असते तर त्यांनी मला बोलावलंही नसतं.

तेरा जण मुकाट्यानं ड्युटीवर गेले. एकदोघांनी येऊन टोमणे मारले, डॉक्टर, तुमच्या सहीत आता दम राह्यला नाही. अनिस आला तो मात्र दुपारी, दुकान बंद करून, पेशंट नसताना. खुर्चीच्या टोकावर बसला.

"साहेब, नामंजूर झालं म्हणते. आता कसं करायचं?"

मी म्हणालो, मंडळापुढं जाता येईल.

"म्या इचार केला त्याचा. पण तिथं गेलो तर कंबर तं चांगली निंघन. मंग खरं सांगा लागन. अन खरं सांगतलं तर तुमचं सर्टिफिकेट खोटं पडते ना, साहेब. तुमच्यावर कायले आणायचं?"

तो माझी काळजी करत होता. मी त्याला सांगू शकलो असतो की माझं काय व्हायचं ते होऊ दे, यवतमाळच्या डॉक्टरांची फाइल घे आणि आत्ता चल तहसीलमध्ये, मी सोबत येतो. अजून तीन दिवस हातात होते. त्याऐवजी मी सांगितलं, दोनच दिवसांचं काम आहे. जड उचलू देऊ नका. गाडीत पुढच्या सीटवर बसायला सांगा. एक इंजेक्शन देऊन ठेवतो. इंजेक्शनचं ऐकून त्याला धीर आल्यासारखा वाटला. डॉक्टरनं काहीतरी केलं की माणसाला धीर येतो. हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम.

तिला केंद्र मिळालं डोंगराकडचं, कोलाम आदिवासींच्या एका पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं. शेवटचा रस्ता जीपचा. पुढच्या सीटवर यंत्रं घेऊन केंद्राध्यक्ष बसले, ती मागं आडव्या बाकावर. मतदानाच्या दिवशी दुपारी तिला त्रास सुरू झाला. रांग संपायची होती, बदली माणूस नव्हता, आणि तिला काय होतंय हे तिथं कुणाला सांगायची सोय नव्हती. कारण कागदोपत्री तिची कंबर दुखत होती. कंबर धरून बसलेली बघून सोबतचे एक गुरुजी म्हणाले म्हणे, मॅडम, नामंजूर झालं ना ते, आता कायले धरता. हे तिनंच मला पुढं केव्हातरी सांगितलं, हसून.

मतदान संपल्यावर एका अधिकाऱ्याच्या गाडीनं तिला खाली आणलं. तिथून यवतमाळ. अनिसचा फोन आला. तो म्हणाला, "गेलं, साहेब." मी विचारलं, तब्येत कशी आहे तिची? तो म्हणाला, बरी आहे.

इथं मला डॉक्टर म्हणून एक सांगायला हवं. जीपच्या धक्क्यांनी गर्भ गेला असं शास्त्र खात्रीनं म्हणत नाही. आधीचे दोन घरात राहूनही गेले होते. टाका घातला असता तरी तिसरा टिकलाच असता असं नाही. हे सगळं खरं आहे, आणि मी त्याच्या आडोशाला बरीच वर्षं बसलोय. पण मला कुणी शास्त्राचं विचारलंच नव्हतं. बोट ठेव म्हणाले होते.

दहा दिवसांनी ती आली. एकटीच. रजेचा कागद हवा होता. गर्भपात झाला तर बाईला वेगळी रजा मिळते, तिच्या खात्यातली रजा कापत नाहीत. मी पॅड ओढलं आणि खरं तेच लिहायला घेतलं. तिनं हात पुढं करून पॅडच्या कडेवर ठेवला.

"कंबरच लिहा."

मी वर बघितलं.

"आधीचं कंबरेचं हाये ना. आता हे लिहिलं तर दोन्ही कागद एकाच टेबलावर येतीन. तुमाले तरास होईन."

"माझं सोडा," मी म्हणालो. पण ते मी अशा आवाजात म्हणालो की तिनं सोडू नये. तिनं नाही सोडलं. मी पुन्हा तोच मजकूर लिहिला, 'तीव्र कंबरदुखी', आणि तिनं स्वतःच्या खात्यातली रजा घालवून महिना काढला.

म्हणजे शाळेत नाही, तहसीलमध्ये नाही, सरकारच्या कुठल्याच कागदावर ते मूल नाही. त्याच्यानंतर तिला दिवस राहिले नाहीत.

मी खोटी सर्टिफिकेटं देणं त्या महिन्यापासून बंद केलं. यात मोठेपणा नाही, माझा हात चालेना. लोकांना कळेना की डॉक्टरला काय झालं. पी.टी.च्या सरांनी दुसरा दवाखाना धरला. सुमनबाई म्हणाल्या, आता तुमी साहेब झाले. गजाननला मी काही सांगितलं नव्हतं, पण तो कुणी कागद मागितला की बाहेरच गाठून सांगायचा, आमच्याइथं आता बिमार माणसायलेच देतेत जी. वानखडे काका निवृत्त झाले, गेल्या वर्षी वारले. लग्नाकार्यात भेटायचे, घरच्यांची चौकशी करायचे, त्या गठ्ठ्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्यांना मी सांगायला हवं होतं की एक होतं, काका. तेही राहिलं.

तबस्सुम आणि अनिस मात्र येत राहिले. सासूच्या शुगरसाठी, अनिसच्या दम्यासाठी. ईदला डबा यायचा. मला ते सगळ्यात जड जायचं. तिला वाटत होतं की चौदा अर्ज एकगठ्ठा नामंजूर झाले आणि त्यात तिचा गेला, नशीब. मला बोलावलं होतं, विचारलं होतं, हे तिला माहीत नव्हतं.

हा लेख लिहायचा ठरवल्यावर तिला न सांगता लिहिणं शक्य नव्हतं. या श्रावणात ती सासूचे रिपोर्ट दाखवायला आली. दाखवून झाल्यावर मी तिला बसायला सांगितलं आणि सांगितलं. वर लिहिलंय तसंच, काही न सोडता. किती वेळ लागला ते कळलं नाही. बाहेर गजानननं आपणहून दार ओढून घेतलं.

ती रडली नाही, चिडलीही नाही. रिपोर्टची घडी घालत होती, उलगडत होती. मग तिनं एकच विचारलं.

"वानखडे साहेबांनी इचारलं तवा तुमाले माह्यं नाव आठवलं होतं का?"

मी नाही म्हणू शकलो असतो. पुष्कळ पेशंट असतात, गडबडीत राहून गेलं, असं म्हणता आलं असतं. तिलाही ते बरं पडलं असतं, असं मला आज वाटतं.

"आठवलं होतं," मी म्हणालो. "पहिलं तेच आठवलं."

तिनं मान हलवली. रिपोर्ट पिशवीत घातले आणि म्हणाली, "मंग लिहा. माह्यं नाव नका टाकू. पण पोटात होतं, हे लिहा."

मी हो म्हणालो. ती उठली, दाराशी गेली आणि तिथूनच गजाननला म्हणाली, आमच्या घरची फाइल द्या, सगळी. गजानननं माझ्याकडं बघितलं. मी द्या म्हणून खूण केली. दोन पिढ्यांची जाडजूड फाइल, त्यानं कपाटातून काढून पुसून दिली. ती काउंटरवर उभ्या उभ्या एकेक कागद चाळत होती. सासऱ्यांचा इसीजी, अनिसचे छातीचे फोटो, यवतमाळच्या चिठ्ठ्या. मधेच थांबली, दोन कागद बाजूला काढले आणि परत आत येऊन माझ्या टेबलावर ठेवले. तिच्या दोन्ही सर्टिफिकेटांच्या कार्बनप्रती होत्या.

"हे तुमचे हायेत," ती म्हणाली.

बाकीची फाइल घेऊन ती गेली. त्या घरातलं कुणी त्यानंतर आलेलं नाही.